छतावर सोलर, तरी लाइन गेली की घरात अंधार का? उत्तर दडलंय बाबासाहेबांच्या वीज खात्यात

अमरावती-अकोल्यात घराघरांच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसत आहेत. पण ही पॅनेल ज्या सार्वजनिक वीजजाळ्याच्या भरवशावर चालतात, त्याचा पाया घालणाऱ्यांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. काय होतं त्यांचं वीजधोरण? आणि आजच्या सोलरशी त्याचा काय संबंध? समजून घ्या.

मे महिन्याची दुपार. वऱ्हाडात पारा ४५ अंशांच्या पुढे. गच्चीवरची पॅनेल उन्हात झळाळत आहेत, आणि नेमकी तेव्हाच लाइन जाते. कूलर थांबतो, पंखा थांबतो. नवीन सोलर बसवलेल्या घरात पहिला प्रश्न हाच येतो: डोक्यावर एवढं ऊन आहे, छतावर तीन किलोवॉटची यंत्रणा आहे, मग घर बंद का पडलं?

बहुतेकांना वाटतं, काहीतरी बिघडलं. प्रत्यक्षात यंत्रणा ठरवल्याप्रमाणेच वागलेली असते.

लाइन गेली की सोलर का थांबतं?

अनुदान घेऊन घरांवर बसणारी बहुतेक यंत्रणा ऑन-ग्रिड प्रकारची असते. पॅनेलमधून डीसी वीज निघते. इन्व्हर्टर तिचं एसी विजेत रूपांतर करतो आणि ती महावितरणच्या लाइनशी जुळवून घरात सोडतो. ही जुळणी महत्त्वाची. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन करते. इन्व्हर्टर बाहेरच्या तारेतला तो ठोका ऐकतो आणि त्याच तालावर आपली वीज तयार करतो. बाहेरचा ठोका बंद झाला की तोही थांबतो.

यामागे सुरक्षेचंही कारण आहे. लाइन बंद करून वायरमन खांबावर चढलेला असताना एखाद्या घरातून वीज उलटी तारेत गेली, तर त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून लाइन गेल्याबरोबर इन्व्हर्टरने बंद पडलंच पाहिजे, असा नियम आहे. लाइन नसतानाही सोलर चालू हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. त्याचा खर्च वेगळा.

दिवसा घरात वापरून उरलेली वीज तारेतून बाहेर जाते. संध्याकाळी ऊन गेलं की तीच तार घराला वीज देते. नेट मीटर दोन्हीचा हिशेब ठेवतो. थोडक्यात, ज्याच्याकडे बॅटरी नाही त्याची बॅटरी म्हणजे ग्रिड. एका घराची उरलेली वीज दुसऱ्या घराच्या कामी येते आणि रात्री दूरच्या धरणातली किंवा औष्णिक केंद्रातली वीज आपल्या घरी पोहोचते.

ही तार सगळ्यांची आहे, हे आज आपण गृहीत धरतो. ऐंशी वर्षांपूर्वी ते गृहीत नव्हतं. वीज कुणाच्या मालकीची असावी, ती कुणासाठी असावी आणि देशभरातल्या विजेचा विचार एकत्र कुणी करावा, हे प्रश्न तेव्हा उघडे होते. केंद्र सरकारात बसून ते नेमकेपणाने मांडणारा माणूस रॉकेलच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठा झाला होता.

दिव्यापासून न्यू यॉर्कपर्यंत

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. वडील रामजी लष्करात सुभेदार. निवृत्तीनंतर हे कुटुंब सातारा आणि मग मुंबईत आलं. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळा संसार होता. दिवसा त्या खोलीत अभ्यासाला जागाच नसे. त्यामुळे भीमराव पहाटे, घर झोपलेलं असताना उठून दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात वाचत. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या शहरात तेव्हा विजेवरची भुयारी रेल्वे धावत होती. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. दरम्यान ते बॅरिस्टरही झाले. आज आपण त्यांना संविधानामुळे ओळखतो. पण त्यांचं मूळ शिक्षण अर्थशास्त्राचं होतं. रुपयाचा प्रश्न आणि प्रांतांचा महसूल हे त्यांच्या ग्रंथांचे विषय होते.

वीजधोरणाचं बीज मात्र त्याहीआधीच्या एका लेखात सापडतं. १९१८ मध्ये त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक अभ्यासलेख प्रसिद्ध केला. तेव्हाच्या तज्ज्ञांचं म्हणणं असं, की जमिनीचे तुकडे फार लहान झालेत, ते एकत्र करा म्हणजे शेती सुधारेल. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा केला. तुकडा लहान आहे ही अडचण खरी, पण तो लहान का झाला? कारण जमिनीवर विसंबून असलेली माणसं फार आहेत आणि त्यांना दुसरा रोजगार नाही. काम नसलेले हातही त्याच शेतावर जगतात. म्हणून शेतीचं दुखणं बरं करायचं तर गावाबाहेर उद्योग उभे राहिले पाहिजेत.

कपाशी आणि सोयाबीनच्या दोन-चार एकरांवर घर चालवणाऱ्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हा युक्तिवाद आजही परका वाटणार नाही. उद्योग हवेत, तर वीज हवी. ही पुढची पायरी त्यांनी पंचवीस वर्षांनी सरकारात बसून मांडली.

तळं, देऊळ आणि अमरावती

मधली वर्षं चळवळीची होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी हजारो लोकांसह पाणी घेतलं. हे तळं सार्वजनिक होतं. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. कागदावर हक्क होता. प्रत्यक्षात पाण्याला हात लावता येत नव्हता. त्यानंतर कोर्टात दहा वर्षं गेली. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये आला, तो अस्पृश्यांच्या बाजूने.

त्याच १९२७ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब अमरावतीला आले. अंबादेवी मंदिरात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून वऱ्हाडात चळवळ सुरू होती. १३ आणि १४ नोव्हेंबरला इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली आणि तिचं अध्यक्षपद बाबासाहेबांकडे होतं. परिषद सुरू असतानाच थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची तार त्यांना मिळाली. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख हे या मंदिरप्रवेशाच्या चळवळीचे पाठीराखे होते. पुढे ते संविधान सभेत होते आणि नंतर देशाचे कृषिमंत्री झाले.

तळ्याची आणि देवळाची ही लढाई विजेपासून दूरची वाटते. पण दोन्हींत धागा एकच आहे. जे सगळ्यांच्या पैशातून किंवा सगळ्यांसाठी म्हणून उभं राहिलं, त्याचा उपयोग प्रत्यक्षात कुणाला होतो? बाबासाहेब हा प्रश्न आयुष्यभर विचारत राहिले. विजेच्या बाबतीतही त्यांनी तोच विचारला.

मजूरमंत्र्यांकडे वीज कशी आली?

जुलै १९४२. नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना होत होती, त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून दाखल झाले. आजच्या भाषेत केंद्रीय मंत्रिपद. १९४६ च्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे चार वर्षं ते या पदावर होते.

तेव्हाचं मजूर खातं आजच्या कामगार खात्यापेक्षा बरंच मोठं होतं. कामगार कायद्यांबरोबर सार्वजनिक बांधकाम, खाणी, पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्याच खात्याकडे होते. या चार वर्षांतलं कामगारांच्या हिताचं त्यांचं काम बऱ्याच जणांना माहीत असतं: सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर आणणारी त्रिपक्षीय परिषद, कामाच्या तासांवरची मर्यादा, कोळसा खाणकामगारांसाठीचा कल्याण निधी. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसापट्ट्यात गेले आणि स्वतः खाणीत उतरून मजुरांची स्थिती त्यांनी पाहिली. वीज ज्या कोळशापासून बनते, तो कोणत्या परिस्थितीत निघतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

विजेचं काम मात्र मागे राहिलं. त्याला मोर्चा नव्हता, घोषणा नव्हती. समित्या, टिपणं आणि मंडळं एवढाच त्याचा ऐवज.

२५ ऑक्टोबर १९४३: बैठकीत काय ठरलं?

दुसरं महायुद्ध सुरू होतं. युद्ध संपल्यावर देशाची उभारणी कशी करायची, यासाठी सरकारने धोरण समित्या नेमल्या होत्या. त्यातली एक सार्वजनिक बांधकाम आणि विजेची होती. अध्यक्ष होते बाबासाहेब. पहिल्या बैठकीत, २५ ऑक्टोबर १९४३ रोजी, त्यांनी केलेल्या भाषणात त्यांच्या वीजविचाराचा आराखडा दिसतो.

सुरुवात त्यांनी तारा-खांबांपासून केली नाही. भारत गरीब का आहे, इथून केली. लोकसंख्या शेतीवर वाढत चालली आहे, शेतीतून तेवढं उत्पन्न निघत नाही, यातून सुटायचा मार्ग औद्योगिकीकरण. आणि स्वस्त, मुबलक वीज नसेल तर औद्योगिकीकरणाच्या गप्पा पोकळ ठरतील, असा त्यांचा मुद्दा होता. १९१८ च्या लेखातला विचार इथे विजेपर्यंत पोहोचला.

मग त्यांनी समितीसमोर प्रश्न ठेवले. त्यांचा आशय असा:

• वीज खासगी मालकीची असावी की सरकारी?

• खासगी असेल तर जनतेचं हित जपण्यासाठी कोणत्या अटी घालाव्यात?

• विजेच्या विकासाची जबाबदारी केंद्राची की प्रांतांची?

• केंद्राची असेल तर वीज स्वस्त आणि मुबलक मिळावी, नासाडी टळावी, यासाठी कारभाराची कोणती पद्धत सगळ्यात चांगली?

• प्रांतांची असेल तर त्यांच्यात मेळ घालणारं एखादं आंतरप्रांतीय मंडळ असावं का?

आज हे प्रश्न साधे वाटतील. पण तेव्हाचं चित्र डोळ्यासमोर आणा. वीज मोठ्या शहरांत आणि गिरण्यांच्या आसपास होती. टाटांच्या खोपोली केंद्रातून १९१५ पासून मुंबईला वीज मिळत होती. इतर अनेक शहरांत एखादी कंपनी परवाना घेऊन आपल्यापुरतं जनित्र चालवायची आणि परवडेल त्याला विकायची. कंपन्या गिऱ्हाईक असेल तिथेच तार नेत. खेड्यात गिऱ्हाईक नाही, म्हणून तार नाही. तार नाही, म्हणून उद्योग नाही. उद्योग नाही, म्हणून गिऱ्हाईक नाही. हे चक्र नफ्याच्या हिशेबाने तुटणारं नव्हतं.

ब्रिटनने स्वतःच्या घरी यावर उपाय केला होता. १९२६ च्या कायद्याने तिथे केंद्रीय वीज मंडळ स्थापन झालं आणि विखुरलेली वीजकेंद्रं राष्ट्रीय ग्रिडने जोडली गेली. भारतात तसा विचार करायला यंत्रणाच नव्हती.

मंडळ उभं राहिलं, नदीही बांधली गेली

ती यंत्रणा १९४४ च्या नोव्हेंबरात आली. तिचं नाव केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ. देशातल्या विजेची पाहणी करणं, माहिती गोळा करणं, कुठे कोळशापासून आणि कुठे पाण्यापासून वीज करता येईल याचे आराखडे आखणं आणि प्रांतांमध्ये मेळ घालणं ही त्याची कामं. पाठोपाठ एप्रिल १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयनासाठी केंद्रीय आयोग स्थापन झाला. एक विजेचा विचार करणार, दुसरा पाण्याचा. पुढे १९५१ मध्ये या दोन यंत्रणांच्या वारसदारांतून केंद्रीय जल व विद्युत आयोग तयार झाला.

हे सगळं कागदावरच राहिलं नाही, याचा दाखला म्हणजे दामोदर. १९४३ च्या पुरात या नदीने बंगालमध्ये हाहाकार माजवला होता. रस्ता आणि रेल्वे तुटून कोलकात्याचा संपर्क विस्कळीत झाला. केवळ पूर रोखणारी भिंत बांधून थांबू नये, त्याच पाण्यातून सिंचन आणि वीजही मिळावी, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. अमेरिकेत टेनेसी नदीच्या खोऱ्यात १९३३ पासून असा प्रयोग सुरू होता. तिथल्या अनुभवी अभियंत्याला बोलावून आराखडा करून घेण्यात आला. ३ जानेवारी १९४५ रोजी कोलकात्यात बंगाल, बिहार आणि केंद्राच्या प्रतिनिधींची बैठक झाली, तिचं अध्यक्षपद बाबासाहेबांकडे होतं. नदी दोन प्रांतांतून वाहते, तर तिचा कारभार एकाच संस्थेकडे हवा, हा विचार यातून पुढे आला. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झालं. तिलैया, मैथन, पंचेत ही धरणं त्याचीच.

धरणांचे हिशेब एकतर्फी नसतात. या प्रकल्पांत गावं बुडाली, माणसं विस्थापित झाली आणि दामोदरचे पूर पूर्णपणे थांबलेही नाहीत. पण वीज, पाणी आणि पूर यांचा विचार प्रांतांच्या हद्दी ओलांडून करायची सवय सरकारला लागली, ती याच काळात.

मग कायदा कुणी केला?

बाबासाहेब १९४६ मध्ये मजूरमंत्रिपदावरून बाहेर पडले. १९४७ मध्ये त्यांनी संविधान सभेसाठी राज्ये आणि अल्पसंख्याक या विषयावर निवेदन तयार केलं. देशाचे कळीचे आणि मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, अशी तरतूद थेट संविधानात घालावी, हा त्यातला एक मुद्दा. ती मागणी मान्य झाली नाही.

विजेचा कायदा मात्र झाला. काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे बांधकाम, खाणी आणि ऊर्जा खातं असताना १९४८ मध्ये वीज पुरवठा कायदा मंजूर झाला. त्याने केंद्रीय विद्युत प्राधिकरण आणि राज्यांची वीज मंडळं यांची तरतूद केली. म्हणजे १९४३ च्या प्रश्नांना उत्तर मिळालं ते असं: वीज मुख्यतः सार्वजनिक क्षेत्राकडे, रोजचा कारभार राज्यांकडे, आणि देशभराचा मेळ घालणारी एक केंद्रीय संस्था. संविधानात वीज समवर्ती सूचीत ३८ व्या क्रमांकावर आहे. केंद्र आणि राज्य दोघांनाही तिच्यावर कायदा करता येतो. १९३५ च्या कायद्यातली हीच व्यवस्था पुढे कायम राहिली.

हे श्रेय एकट्या बाबासाहेबांचं म्हणणं बरोबर होणार नाही. अभियंते होते, सनदी अधिकारी होते, नंतरचे मंत्री होते. पण योग्य वेळी योग्य खात्यात बसून विजेला गरिबीच्या प्रश्नाशी जोडणारा मंत्री म्हणून त्यांचं स्थान वेगळं आहे.

या कथेला एक बोचरी बाजूही आहे. स्वतंत्र भारतात त्यांना कायदा खातं मिळालं. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, त्यामागचं मोठं कारण होतं रखडलेलं हिंदू कोड बिल. पण त्यांनी जी कारणं जाहीर केली, त्यात आणखी एक होतं. कायद्यापलीकडे एखादं प्रशासकीय खातं सांभाळायची आपली तयारी आहे, जुन्या कार्यकारी मंडळात आपण ते केलं आहे, आणि नियोजन खात्याचं आश्वासन मिळूनही ते काम आपल्याकडे आलं नाही, ही खंत त्यांनी मांडली. वीज आणि पाण्याच्या नियोजनाची यंत्रणा उभारणाऱ्या माणसाला स्वतंत्र देशाचं नियोजन करायची संधी मिळाली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

वऱ्हाडात तार कशी आली?

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्याच वर्षी १९४८ च्या कायद्यानुसार महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. गावोगावी खांब, डीपी आणि शेतातल्या पंपापर्यंत तार नेण्याचं काम मुख्यतः या मंडळाच्या काळात झालं. २००३ च्या नव्या वीज कायद्यानंतर २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या तयार झाल्या.

आज अकोला जिल्ह्यात पारसला महानिर्मितीचे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगावपेठला १,३५० मेगावॉटचा खासगी औष्णिक प्रकल्प आहे. या आकड्याचा अंदाज यावा म्हणून एक तुलना: स्वातंत्र्याच्या वेळी अख्ख्या भारताची वीजनिर्मिती क्षमता होती १,३६२ मेगावॉट. म्हणजे तेव्हाच्या देशाएवढी क्षमता आज अमरावतीच्या वेशीवर एका आवारात आहे. देशाची एकूण क्षमता आता ४५० गिगावॉटच्या पुढे गेली आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचं ग्रिड उर्वरित देशाशी जोडलं गेलं आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत विजेचा ठोका एक झाला. गच्चीवरचा इन्व्हर्टर ऐकतो तो हाच ठोका.

सोलरचा हिशेब नेमका काय?

बाबासाहेबांच्या आराखड्यात सौरवीज नव्हती, असणं शक्यही नव्हतं. सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौरघट अमेरिकेत बेल लॅब्जने दाखवला तो १९५४ मध्ये, त्यांच्या निधनाच्या दोन वर्षं आधी. त्याची कार्यक्षमता होती सुमारे सहा टक्के. आज घरांवर बसणारी पॅनेल वीस टक्क्यांच्या पुढे गेली आहेत.

घरासाठीचा ढोबळ हिशेब असा:

• एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट, सावली नसलेली जागा लागते.

• एक किलोवॉटपासून वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज मिळते. तीन किलोवॉट म्हणजे महिन्याला साधारण ३५० युनिट.

• फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. तीन किलोवॉट आणि त्यापुढे कमाल ७८,००० रुपये. एक कोटी घरांचं उद्दिष्ट आहे.

• नेट मीटरचे आणि उरलेल्या युनिटच्या हिशेबाचे नियम राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. ते बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी चालू नियम तपासणं गरजेचं.

वऱ्हाडासाठी एक खास गोष्ट. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नाही. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. मे महिन्यात काच तापून ६५ अंशांवर गेली तर निर्मिती साधारण १४ टक्क्यांनी घटू शकते. म्हणून पॅनेल छताला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल एवढी उंची ठेवावी लागते. धुळीने निर्मिती आणखी कमी होते, त्यामुळे पाऊस नसलेल्या महिन्यांत काच पुसत राहायला हवी, तीही सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

जुना प्रश्न नव्या छतावर

हिशेब ज्याच्या बाजूने बसतो, त्याच्याकडे तीन गोष्टी असतात: स्वतःच्या नावावरचं घर, पक्का स्लॅब आणि सुरुवातीला घालायला पैसे किंवा कर्ज मिळण्याची ऐपत. अमरावतीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे यातलं काहीच नाही. टिनाच्या छपराखाली राहणाऱ्या शेतमजुराकडे नाही. चार मजली इमारतीत खालच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचा गच्चीवर हक्क असतो, पण सगळ्यांची संमती मिळेपर्यंत वर्ष उलटतं. शेतकऱ्यांसाठी सौर कृषिपंप आणि सौर कृषी वाहिनीच्या योजना आहेत. रात्री पाणी द्यायला जाण्याऐवजी दिवसा वीज मिळावी, हा त्यांचा उद्देश. मजुराला मात्र पंपही नाही.

यात पुढची गुंतागुंतही आहे. सोलर बसवलेल्यांचं बिल शून्याजवळ येतं, तरी रात्री ते तारेवरच विसंबून असतात. तार, डीपी, वायरमन यांचा खर्च तर कायम राहतो. तो कुणी भरायचा? सोलर नसलेल्यांनी जास्त भरायचा, की सोलरवाल्यांकडून स्थिर आकार वाढवून घ्यायचा? सोलरवाल्यांवर जास्त भार टाकला तर लोक पॅनेल बसवायचे थांबतील. न टाकला तर टिनाखालच्या घराचं युनिट महाग होईल. देशभरातले नियामक आयोग आज हाच तोल साधायची खटपट करत आहेत.

हे प्रश्न नवे वाटतात, पण १९४३ च्या यादीत ते सापडतात. मालकी कुणाची, जनतेचं हित कसं जपायचं, स्वस्त आणि मुबलक वीज सगळ्यांपर्यंत कशी न्यायची. तेव्हा वीज एका केंद्रातून निघून घरापर्यंत यायची. आता ती घरातूनही निघते. मधली तार मात्र तीच आहे.

म्हणून भर दुपारी लाइन गेली आणि पॅनेल असूनही पंखा थांबला, तर तो बिघाड समजू नका. आपलं छत आपलं असलं तरी त्यावरची वीज सगळ्यांच्या तारेशी बांधलेली आहे, याची ती आठवण असते. चवदार तळं सार्वजनिक आहे हे कागदावर येऊनही पाण्यापर्यंत पोहोचायला लोकांना लढावं लागलं होतं. सोलरचं अनुदान कागदावर आलं आहे. ते स्लॅबवाल्या घरापाशीच थांबतं की टिनाच्या छपरापर्यंत पोहोचतं, यावर वऱ्हाडातल्या या उन्हाचा खरा हिशेब ठरणार आहे.